माहीम कॉजवे आणि ताग्याचा भाव

व्यापारी बंधूंनो, पूर्वी माहीमहून समोर वांद्र्याला जायचे तर खाडी होडीने ओलांडावी लागे. १८४५ साली माहीम कॉजवे खुला झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच: टोल घ्यायचा नाही. अशाच कामाला आपण सदका-ए-जारिया म्हणतो.

पण टोल नाही म्हणून रस्ता फुकट पडत नाही. समजा, टेम्पोभाडे व हमाली मिळून ६०० रुपये आणि तागे ३०. तर ताग्यामागे २० रुपये खर्च. तो खरेदीभावात धरूनच गिऱ्हाइकाला भाव सांगा. २००९ साली सुरू झालेल्या वांद्रे-वरळी सी लिंकवर टोल पडतो; वाचलेल्या वेळात दुसरी खेप होत असेल तरच तो परवडतो. हिशेब चोख, तरच धंद्यात बरकत.