इओसिनोफिल वाढलेत? टक्का नव्हे, संख्या पाहा

मार्केट यार्डात मिरचीच्या गाळ्यावर, भुसारात पोती उचलणाऱ्यांना ठसका, शिंका नव्या नाहीत. ‘धूळ बाधली’ म्हणत हमाल, तोलणार खोकल्याचं औषध घेतात आणि कामाला लागतात. पुष्कळदा कारण धूळच असतं. पण खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर सीबीसी ही रक्ततपासणी करा. थुंकीची टीबीसाठी तपासणीही टाळू नका.

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची टक्केवारी असते. एकूण पांढऱ्या पेशी १०,००० आणि इओसिनोफिल २० टक्के असतील, तर त्यांची संख्या २,००० झाली. ५००पर्यंत संख्या सर्वसाधारण मानतात. दमा किंवा ॲलर्जीत ती थोडी वाढते. ती १,५००च्या वर टिकून राहिली, तर मात्र कारण शोधायलाच हवं.

आपल्याकडे आधी जंत आठवावेत. अनवाणी चालताना मातीतले काही जंत पायाच्या त्वचेतून शिरतात. सोलापूर, लातूर, नांदेड या हत्तीरोग आढळणाऱ्या जिल्ह्यांतून आलेल्यांना रात्री खोकल्याची ढास लागत असेल आणि संख्या ३,०००च्या वर असेल, तर हत्तीरोगाच्या जंतांमुळे होणारा फुप्फुसाचा विकार असू शकतो. डीईसी गोळ्यांच्या साधारण तीन आठवड्यांच्या उपचाराने तो बहुधा आटोक्यात येतो. फिट्सच्या किंवा युरिक ॲसिडच्या काही गोळ्यांनीही इओसिनोफिल वाढतात. म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा.

यातलं काहीच नसेल, तर रक्ताचाच आजार आहे का, हे पाहावं लागतं. वाढलेल्या इओसिनोफिलमधली द्रव्यं हृदयाच्या आतल्या अस्तराला इजा करू शकतात. तिथे गुठळी होऊ शकते. ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. म्हणून टूडी इको करून घ्यावा. काही रुग्णांत, विशेषतः पुरुषांत, एका जनुकीय बदलामुळे हा रक्ताचा आजार होतो. हा बदल २००३मध्ये सापडला आणि त्यावर इमॅटिनिबच्या गोळ्या उत्तम लागू पडतात.

धाप, छातीत दुखणं, पायांवर सूज, हातपाय बधिर होणं किंवा अचानक अशक्तपणा जाणवला, तर थांबू नका. पुण्यातल्या ससूनसारखं मोठं रुग्णालय गाठा.

आणि एक कळकळीची विनंती. मेडिकलमधून स्टिरॉइड परस्पर घेऊ नका. त्याने आकडा उतरतो, पण निदान झाकलं जातं. पोटात स्ट्रॉन्गिलॉइडिस नावाचा जंत असेल, तर तो शरीरभर पसरून जीवावर बेतू शकतं. आधी कारण शोधा, मगच औषध घ्या.