सलूनमध्ये झालेली जखम आणि आपला ग्राहक म्हणून हक्क



या तिमाहीच्या अभ्यासासाठी घेतलेला विषय दिसायला अगदी किरकोळ आहे. केस कापताना कानाला कात्री लागणे, दाढी करताना वस्तऱ्याने गाल चिरणे, केसांच्या रंगाने डोक्याची त्वचा भाजणे, हे कोणाच्याही बाबतीत घडते आणि आपण तुरटी लावून विसरून जातो. मग यावर पाठ कशाला?

कारण आपली मुले. किनवट आणि माहूर तालुक्यांतील गोंड, कोलाम, आंध, परधान घरांतली मुले-मुली दहावीनंतर नांदेडला येतात, बारावीला किंवा पुढच्या शिक्षणाला लातूर गाठतात. गावाकडे केस कापणारा माणूस ओळखीचा असतो. आजोबांचेही केस त्यानेच कापलेले असतात. शहरात काचेचे दार, एसी, मोठा आरसा आणि अनोळखी कारागीर. तिथे काही लागले तर आपला मुलगा तोंडातून शब्द काढत नाही. उलट पैसे देतो, रुमाल दाबतो आणि निघून येतो. गप्प बसण्याची ही सवय पुढे दवाखान्यात, बँकेत आणि मजुरीच्या हिशेबातही त्याच्याबरोबर जाते. म्हणून किरकोळ गोष्टीवर बोलायला शिकणे मला किरकोळ वाटत नाही.

एक उदाहरण सांगतो. मुलाचे आणि सलूनचे नाव देत नाही, कारण प्रकरण समजुतीने मिटले आहे. किनवट तालुक्यातला हा मुलगा लातूरला खोली करून शिकतो आणि संध्याकाळी एका मेसमध्ये वाढप्याचे काम करतो. सलूनमधल्या कारागिराने मोबाइल मान आणि खांद्यात धरून बोलत बोलत कानामागचे केस काढले आणि वस्तरा कानाच्या पाळीत शिरला. तीन टाके पडले. मुलाने हे मला तिसऱ्या दिवशी, तेही दुसऱ्याच कामासाठी फोन केला तेव्हा सांगितले. "जाऊ द्या ना सर, एवढ्यासाठी कोण भांडतंय?" असे त्याचे म्हणणे.

मी त्याला खर्च लिहून काढायला सांगितला. डॉक्टरांचे ७०० रुपये, औषधांचे २४०, रिक्षाचे १००. मेसच्या मालकाने पट्टी बांधलेल्या मुलाला दोन दिवस वाढायला उभे केले नाही, ती मजुरी ६००. एकूण १,६४० रुपये. घरून महिन्याला जे येते त्याच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. पुरावा काय, तर केस कापल्याचे ८० रुपये फोनवरून भरल्याची नोंद, डॉक्टरांचा कागद आणि त्याच संध्याकाळी त्याने मित्राला पाठवलेला रक्ताळलेल्या कानाचा फोटो. मित्राला चेष्टेत पाठवलेला तो फोटो इथे कामाला आला.

आम्ही दोघे सलूनमध्ये गेलो. गर्दी नसेल अशी दुपारची वेळ निवडली. मालक आधी वरमले, मग चिडले. "सर, आम्ही काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असं कोणीच म्हणत नाही, दादा. पण फोनवर बोलत वस्तरा चालवला हे तर खरं ना?"

त्यांनी वर्षभर फुकट केस कापून देण्याची तयारी दाखवली. मुलगा त्या खुर्चीत परत बसायला तयार नव्हता, आणि त्यात मला काही गैर वाटले नाही. अखेर त्यांनी १,००० रुपये त्याच दिवशी आणि उरलेले पुढच्या आठवड्यात दिले. मुलाने रक्कम मिळाल्याचे दोन ओळींत लिहून सही केली.

आता कायद्याकडे येऊ. मालकांच्या त्या प्रश्नातच कायद्याचा गाभा आहे. ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्याच्या आधी दशकभर महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली होती; पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी तिचा पाया घातला. आज लागू आहे तो २०१९ चा कायदा, २० जुलै २०२० पासून. त्यात 'सेवेतील त्रुटी' या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात सेवा देणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे ग्राहकाला झालेली इजा किंवा नुकसान स्पष्टपणे येते. हेतू विचारलाच जात नाही. वस्तरा चालवणाऱ्या माणसाने जेवढी काळजी घ्यायला हवी तेवढी घेतली का, एवढाच प्रश्न. आणि चूक नोकराची असली तरी पैसे घेऊन सेवा देणारा दुकानाचा मालक असतो, म्हणून तक्रार त्याच्याविरुद्ध करता येते. "तो पोरगा आता काम सोडून गेला" या उत्तराने मालकाची जबाबदारी संपत नाही.

याचा अर्थ प्रत्येक ओरखडा म्हणजे भरपाई असा नाही. गिऱ्हाइकाने एकदम मान वळवली, शिंक आली, चेहऱ्यावरच्या पुरळाची माहिती आधी दिली नाही, तर कारागिराला दोष देता येणार नाही. त्रुटी होती हे दाखवण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्याची असते. शेव्हिंगमध्ये बारीकसे कापले आणि दोन मिनिटांत रक्त थांबले, तर कारागिराने "माफ करा" म्हणावे, आपण "असू द्या" म्हणावे, आणि विषय संपावा.

कोणाला ग्राहक म्हणायचे याबद्दल आपल्या वसतिगृहांसाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. पैसे देणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक आहे. वसतिगृहाने सलूनवाल्याला महिन्याचे पैसे दिले आणि चाळीस मुलांचे केस कापून घेतले, तर त्यातले प्रत्येक मूल ग्राहक ठरते. मूल अज्ञान असेल तर तक्रार आई-वडिलांनी किंवा कायदेशीर पालकाने करायची असते. वॉर्डनने परस्पर सही करू नये, मुलाच्या घरी आधी कळवावे. मात्र कोणी सेवाभावाने फुकट केस कापून दिले असतील तर या कायद्याच्या भाषेत ती 'सेवा' नाही. फुकटच्या शिबिरात निष्काळजीपणा चालतो असे मात्र कोणी समजू नये; तिथे फक्त ग्राहक आयोगाचा रस्ता बंद असतो.

जखम झाल्यावर पहिला तास सर्वांत मोलाचा. आधी शरीर, मग कागद. वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवावी, स्वच्छ कापड दाबून धरावे. सर्वांच्या गालांवर फिरलेली दुकानातली तुरटी लावू देऊ नये. रंगाने किंवा स्ट्रेटनिंगच्या क्रीमने आग होत असेल तर ती सहन करत बसू नये, लगेच भरपूर पाण्याने किमान वीस मिनिटे धुवावे आणि त्या बाटलीचा फोटो घ्यावा. डॉक्टरांना औषध ठरवायला त्याचा उपयोग होतो. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली होती ते आठवून सांगावे. ब्लेड नवीन लावले नव्हते अशी शंका असेल तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगावे. हेपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर टिकू शकतो. लस लागणारच असेल तर ती शक्यतो २४ तासांत घ्यावी लागते. एचआयव्हीचा धोका अशा जखमेत फार कमी असतो, पण डॉक्टरांना गरज वाटलीच तर त्यावरचे प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. तिसऱ्या दिवशी फोन करणाऱ्या आमच्या मुलाला मी हे दोन आकडे पाठ करायला लावले आहेत.

आता कागद. जखमेचा फोटो, दुकानाच्या पाटीचा फोटो, पैसे भरल्याची नोंद, सोबत कोण होते त्याचे नाव. बिल मागावे. सेवा देऊन बिल न देणे हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. लहान दुकानात छापील बिल नसते हे मला माहीत आहे. साध्या कागदावर तारीख, रक्कम आणि सही चालेल. दवाखान्यात गेल्यावर "पडलो" असे सांगू नये. "अमुक सलूनमध्ये वस्तरा लागला" हेच सांगावे, कारण केसपेपरवर तेच लिहिले जाते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा केसपेपरही खासगी डॉक्टरांच्या कागदाइतकाच ग्राह्य असतो.

बोलणी फिसकटली तर लेखी पत्र द्यावे: काय झाले, कोणत्या तारखेला, किती खर्च आला, किती दिवसांत द्यावा. शांत भाषेत, एका पानात. त्यालाही उत्तर नाही आले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथून दुकानदाराशी संपर्क साधून मिटवण्याचा प्रयत्न होतो. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि केस कापायला कोणी ५ लाख देत नाही! वकील लावणे सक्तीचे नाही. ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार ऑनलाइनही करता येते.

जुन्या कायद्यात तक्रार साधारणपणे दुकानदाराच्या जिल्ह्यात करावी लागे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही ती करण्याची सोय दिली. म्हणजे जखम लातूरच्या गंजगोलाईत झाली तरी किनवटला राहणारे कुटुंब नांदेडच्या आयोगाकडे जाऊ शकते. आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, तसेच स्त्रिया व मुलांना, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. जातीचा दाखला असूनही ही सोय माहीत नाही अशी कितीतरी घरे मी पाहिली आहेत.

किती मागावे? याबाबत दिल्लीच्या एका प्रकरणाची खूप चर्चा झाली. पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ साली एका महिलेचे केस सांगितल्यापेक्षा फारच आखूड कापले गेले. राष्ट्रीय आयोगाने २०२१ मध्ये २ कोटी रुपये भरपाई दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील त्रुटीचा निष्कर्ष कायम ठेवला, पण रकमेचा आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवले: एवढे नुकसान झाले याचा पुरावा काय, ते आधी पाहा. प्रकरण त्यानंतरही चालत राहिले, पण आपल्याला हवा तो धडा तेवढ्यात मिळाला. गावागावांत मात्र '२ कोटी' एवढेच पोहोचले, 'पुरावा' पोहोचला नाही.

माझे मत असे की किरकोळ जखमेत औषधाचा खर्च आणि बुडालेली मजुरी मागावी, आणि डाग कायमचा राहणार असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल तरच त्याहून पुढे जावे. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात जखमी माणसासाठी हाच हिशेब सांगितला आहे: त्याच्या बुडालेल्या वेळाची भरपाई आणि तो बरा होईपर्यंत उपचार. पोलिसांत जाण्याचा मार्ग कायद्यात आहे, तीन टाक्यांसाठी तो मला जड वाटतो. पण सलूनमध्ये जातीवरून शिवी दिली, खुर्चीत बसू दिले नाही, तर ती ग्राहकाची तक्रार राहत नाही. तिथे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि तिथे समजुतीने मिटवण्याचा सल्ला मी देणार नाही.

आणखी एक बाजू. आपल्याच काही मुली ब्युटी पार्लरचे काम शिकत आहेत, दोन मुलगे नांदेडला कटिंगच्या दुकानात मदतनीस आहेत. उद्या खुर्चीमागे तेच उभे असतील. नाभिक बांधवांचा हा पिढीजात कसबाचा व्यवसाय फार थोड्या कमाईवर चालतो, हे आपल्या मुलांना तिथे काम करताना कळते. त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या डोळ्यांदेखत नवे अर्धे ब्लेड लावावे. रंग लावण्याच्या ४८ तास आधी थेंबभर कानामागे लावून पाहावा. गिऱ्हाईक घाईत असले तरी. हातात वस्तरा असताना फोन खिशात. आणि लागलेच, तर स्वतःहून दवाखान्यात घेऊन जावे. कानाच्या त्या प्रकरणात कारागीर त्याच दिवशी मुलासोबत रिक्षात बसला असता तर मला लातूरला जावेच लागले नसते.