थेंब चहात घालू नकोस

अगं सुमे, काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "ताई, ते गांजाचं तेल मी त्यांच्या चहातूनच देऊन बघते, त्यांना कळणारसुद्धा नाही." घरात पाहुणे होते म्हणून मी नुसतं "हं" केलं. त्या "हं"ला होकार समजू नकोस. आता आबा झोपलेत, मुलुंडला पाऊस कोसळतोय, ह्यांची लोकल कुठेतरी अडकलीय. तेव्हा निवांत सांगते.

तुझ्या सुनीलरावांचे हाल मला दिसत नाहीत असं समजू नकोस. सतरा वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढलेला माणूस. मणका कधीतरी बोलणारच. आणि आता अंधेरीला एमआयडीसीत सुरक्षेची रात्रपाळी, दिवसा बोरिवलीच्या त्या रस्त्यालगतच्या खोलीत झोप. गणपतीच्या मिरवणुकीत सुतळी बॉम्ब फुटला तेव्हा ते ताटावरून कसे उठले, ते मी पाहिलंय. जाऊबाई हसल्या. मला नाही हसू आलं.

आता माझी चूक ऐक. कुणाला सांगितलेली नाही, तुलाही नाही. गेल्या हिवाळ्यात आबांचा पाय फार ठणकत होता, तोच, एकाहत्तरच्या लढाईतला. ओळखीतल्या एकीने बाटली आणून दिली. "विजयाचं तेल आहे, आयुर्वेदिक, काही होत नाही." बाटलीवर चिठ्ठी नाही, काही नाही. आबांना विचारलं असतं तर म्हणाले असते, "गांजा? फौजी माणसाला?" म्हणून विचारलंच नाही. दुधात चार थेंब घातले. तासाभरात काही फरक दिसेना, म्हणून आणखी चार. तेव्हा मला कुठे माहीत होतं की ओढलेला गांजा मिनिटांत चढतो, पण पोटातून गेलेला चढायला कधी दोन तासही घेतो आणि मग बराच वेळ उतरत नाही! रात्री दोनला आबा मोरीच्या उंबऱ्याशी पडले. कपाळाला सहा टाके. रक्त थांबता थांबेना, कारण ते वॉर्फरिन घेतात, रक्त पातळ ठेवायची गोळी. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "नवीन काही दिलंत का?" आणि मी "नाही" म्हणाले. सुमे, मी खोटं बोलले. पहाटे पुन्हा जाऊन खरं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की गांजातली काही द्रव्यं यकृतात वॉर्फरिनचं विघटन मंदावतात, मग रक्त हवं त्यापेक्षा जास्त पातळ होतं. लगेच तपासणी लावली. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

आबांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे.

म्हणजे हे औषधच वाईट, असं मी म्हणत नाही. विजया, म्हणजे गांजाचंच झाड, आयुर्वेदात आहेच. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने चरस आणि गांजा, म्हणजे झाडाचे फुलोरे, बंद केले. नुसती पानं त्या व्याख्येत बसत नाहीत. त्यामुळे पानांच्या अर्काची परवानाधारक औषधं निघतात आणि ती वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. अशी औषधं काढणारी बॉम्बे हेम्प कंपनी तर २०१३ पासून आपल्या मुंबईतच आहे. अशा बाटलीवर परवाना क्रमांक असतो, घटक असतात, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं अशी सूचना असते. तुझ्या बाटलीवर काय आहे? मित्राने दिलीय, मित्राला कुणी दिली? आत पानांचा अर्क आहे की फुलोऱ्याचा, कोण सांगणार? गांजा एक किलोच्या आत असला तरी एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. भांगेलाही महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा वचक आहे. आणि सुरक्षारक्षकाची पोलीस पडताळणी होते, हे तुला मी सांगायला नको. नावावर केस पडली तर आधी नोकरी जाते, खरंखोटं मागाहून.

टोरांटोच्या बंटीने पाठवलेला मेसेज मीही वाचला. कॅनडाचं सरकार माजी सैनिकांना दिवसाला तीन ग्रॅमपर्यंतच्या गांजाचा खर्च देतं, हे खरं आहे. पण पुढचं कुणी फॉरवर्ड करत नाही. अमेरिकेत ८० माजी सैनिकांवर एक प्रयोग झाला, २०२१ मध्ये छापून आला. सगळे मानसिक आघाताने झोप उडालेले, दचकणारे, आपल्या सुनीलरावांसारखे. तीन गटांना वेगवेगळ्या प्रकारचा गांजा, चौथ्याला गुण काढून घेतलेला. बरं सगळ्यांनाच वाटलं, चौथ्या गटालासुद्धा! खऱ्या गांजाचा कुठलाच प्रकार त्याच्या पुढे गेला नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सैन्य आणि माजी सैनिक खात्याच्या मार्गदर्शिकेने या आघातासाठी गांजा देऊ नये असंच लिहिलं. शिरेच्या जुनाट दुखण्यात काहींना थोडा आराम पडतो. तिथे विचार करता येईल, पण वैद्याच्या नजरेखाली.

मला तर वाटतं, सुनीलरावांची दोन दुखणी आपण एकाच बाटलीत कोंबतोय. पाठ वेगळी, रात्र वेगळी. पाठीसाठी माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जा. कार्ड कपाटात ठेवण्यासाठी नसतं गं. तिथून अस्थितज्ज्ञाकडे किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवतील. शिर दबली असेल तर प्रीगाबालिन, गाबापेंटिनसारखी औषधं आधी देऊन बघतात. कागदपत्रांत अडलात तर उपनगर जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय आहे, मी येईन सोबत. रात्रीसाठी मात्र मानसोपचारतज्ज्ञ. हा शब्द त्यांच्यासमोर नको वाटत असेल, तर आधी तू १४४१६ ला फोन कर. टेली-मानस म्हणतात त्याला, फुकट आहे, मराठीत बोलतात. पुण्याच्या एएफएमसी या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यासाठी याचाच एक खास कक्ष २०२३ मध्ये सुरू झालाय. फौजेला याची लाज वाटत नाही, मग आपल्याला का?

एवढं करून वैद्यांनी विजया लिहून दिलीच, तर बाकीच्या सगळ्या गोळ्यांची यादी त्यांना दाखव. रक्तदाबाची, झोपेची, आणि सुट्टीच्या दिवशीचे ते दोन पेगसुद्धा. लपवू नकोस. पाच मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर चिठ्ठी देणारा वैद्य मला नको. नाडी न बघता, जुने कागद न चाळता औषध कसलं?

पण सगळ्यात आधी ती चहाची गोष्ट. ज्या माणसाने सतरा वर्षं कुणाच्या तरी हुकमावर पाऊल टाकलं, त्याच्या पोटात काय जातंय हे निदान घरात तरी त्याला विचारून ठरू दे. ते नाही म्हणतील, चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. चालेल.

रविवारी सकाळच्या गाडीने बोरिवलीला येते, आबांनाही आणते. त्यांना काय सांगायचंय ते मी तिथेच, सुनीलरावांसमोर सांगणार आहे. तोवर बाटलीला हात लावू नकोस, आणि शनिवारी रात्री ते कामाला निघायच्या आत तूच त्यांना ती दाखव.