सहाव्या वर्षाची दाढ
(आरोग्यशिक्षण : इयत्ता पहिली व दुसरी)

दुधाचे दात पडावयाचेच आहेत, मग ते किडले तरी चिंता कशाची, असे पुष्कळ पालक मानतात. या समजुतीचा सर्वांत मोठा फटका बसतो तो एका कायमच्या दाढेस. मूल सुमारे सहा वर्षांचे झाले की दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, एकही दात न पडता, ही दाढ उगवते. त्यामुळे घरात ती दुधाचीच समजली जाते. ती गेल्यास तिच्या जागी दुसरी येत नाही. याच वयात मूल पहिलीच्या वर्गात येते. म्हणून ही दाढ वेळीच ओळखणे शिक्षकास सहज शक्य आहे.

ओळख : दुधाचे दात एकूण 20, म्हणजे जबड्याच्या प्रत्येक बाजूस पाच. मुलास उजेडात तोंड उघडावयास सांगावे. तोंडात बोट न घालता समोरच्या मध्यापासून मागे मोजावे. पडलेल्या दाताची रिकामी जागाही मोजावी. सहावा दात दिसला, तर तीच ही दाढ. अशा दाढा चार असतात.

कीड का लागते? दाढेच्या माथ्यावर बारीक भेगा असतात. काही भेगा ब्रशच्या केसाहूनही अरुंद असल्याने तेथे अडकलेले अन्नकण निघत नाहीत. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते दाताचे कठीण कवच पोखरते.

उपाय : दाढ निरोगी असतानाच या भेगा बुजविता येतात. त्या लेपास ‘सीलंट’ म्हणतात. दंतवैद्य दाढ स्वच्छ करून तिच्यावर सौम्य आम्ल क्षणभर लावतात, ती धुऊन कोरडी करतात आणि पातळ राळ भेगांत भरून निळ्या प्रकाशाने कठीण करतात. यात दात कोरावा लागत नाही व वेदनाही होत नाहीत. सीलंटमुळे दाढांची सुमारे 80 टक्के कीड दोन वर्षांपर्यंत टळते. लेप कोठे निघाला आहे काय, हे मात्र दरवर्षी पाहून घ्यावे. दातांच्या बाजूंना लेपाचे संरक्षण नसते. म्हणून फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासणे सुटत नाही. मशेरी मुलांच्या हाती कदापि देऊ नये.

वर्गातील पाठ : मातीच्या दोन दाढा करून त्यांच्यावर सुईने भेगा पाडाव्यात व त्या वाळू द्याव्यात. एकीच्या भेगांत शिक्षकाने मेणबत्तीचे मेण भरावे. दोहोंवर कालवलेले पीठ चोळून मुलांकडून ब्रशने साफ करवावे. पीठ कोठे अडकले, हे मुलांनीच सांगावे.

शिक्षकांचे कार्य : 2013 साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. तत्पूर्वी सहावी दाढ आलेल्या मुलांची यादी करून ती पथकातील डॉक्टरांपुढे ठेवावी आणि सीलंटसाठी कोठे पाठवावे, हे विचारावे. नाशिकच्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयातही चौकशी करता येईल. सुरगाणा, पेठ यांसारख्या तालुक्यांतील पालकास दाढ ठणकू लागल्यावर मुलास घेऊन शहर गाठणे म्हणजे मजुरी बुडविणे होय, आणि मुलाची शाळाही बुडते. सुमारे बाराव्या वर्षी दुसरी कायमची दाढ येते. तेव्हा सहावी-सातवीच्या शिक्षकांनीही अशीच यादी करावी.