खातं त्यांच्याच नावावर असू दे

अगं, पहिला क्लायंट मिळाला म्हणून तू खुशीत आहेस आणि मीही आहे. पैशाचं आपण मागाहून बोलू. आधी मला एवढंच सांग, त्यांच्या वेबसाइटचं गूगल ॲनालिटिक्स तू कुणाच्या जीमेलवरून उघडणार आहेस?

स्वतःच्या? नको गं.

मोह कसा होतो ते मला ठाऊक आहे. मालक दुकानात गिऱ्हाइकात गुंतलेले, "मॅडम, तुम्हीच काय ते बघा" म्हणून मोकळे होतात. मग आपल्याच खात्यात नवी प्रॉपर्टी काढायची, 'जी' अक्षराने सुरू होणारा आयडी साइटवर टाकायचा, की काम झालं. पण उद्या त्यांनी दुसरा माणूस धरला तर? प्रॉपर्टी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवता येते, मात्र त्यासाठी दोन्हीकडचे अधिकार हातात लागतात. तोवर बोलणं बंद झालेलं असलं तर त्यांना नवी प्रॉपर्टी काढावी लागते, आणि तिच्यात मागचे आकडे येत नाहीत. मागच्या दिवाळीला किती लोक साइटवर आले, कुठून आले, काय घेतलं, सगळं गेलं. एका साडीवाल्यांचं असंच झालेलं मी पाहिलंय. आधीच्या एजन्सीने खातं स्वतःच्या नावावर ठेवलेलं आणि फोन उचलणं सोडून दिलेलं. जुनं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स 1 जुलै 2024 पासून कायमचं बंद झालं, तेव्हा आकडे उतरवून घ्यायला त्यांच्याकडे साधा बघण्याचाही अधिकार नव्हता. माझ्या मते ही सरळ सरळ लबाडी आहे.

म्हणून पहिल्या भेटीतच त्यांच्याजवळ बस आणि धंद्याच्या ईमेलवरून त्यांच्याच हाताने खातं उघडून घे. पुतण्याच्या जीमेलवरून नको, तो उद्या पुण्याला नोकरीला जाईल. मालक आणि घरातलं किंवा दुकानातलं आणखी एक भरवशाचं माणूस, असे दोन ॲडमिनिस्ट्रेटर असू देत. मग खाली डाव्या कोपऱ्यातल्या चाकावर जाऊन ते तुझा ईमेल जोडतील. तू मागायचं ते एडिटरपद. त्यात सेटिंग सगळं बदलता येतं, फक्त माणसं जोडता-काढता येत नाहीत. ती किल्ली त्यांच्याकडेच शोभते. जिथे फक्त महिन्याचा अहवाल द्यायचाय तिथे व्ह्यूअर पुरे. आणि अधिकार प्रॉपर्टीपुरताच घे. खात्याच्या पातळीवर घेतलास तर त्यांच्या दुसऱ्या धंद्याचे आकडेही तुला दिसायला लागतील, आणि ते बघायचं तुला काही कारण नाही.

पासवर्ड मात्र कधी घेऊ नकोस. ते व्हॉट्सॲपवर पाठवतीलच. नम्रपणे सांग, "दादा, हा बदलून टाका, मला लागत नाही." एकाच लॉगिनने चार जण आत गेले की बदलांच्या इतिहासात सगळे बदल एकाच नावावर पडतात. चूक दुसऱ्याने केली तरी बोट तुझ्याकडे वळेल. तुझ्या हाताखाली कुणी मुलगी आली तर तिचाही ईमेल त्यांच्याकडूनच वेगळा जोडून घे.

हो, पहिल्याच दिवशी डेटा रिटेन्शन बघ. तिथे दोन महिने असतात, ते चौदा कर. नाहीतर एक्सप्लोरेशनमध्ये गेल्या वर्षीच्या सणाशी तुलना करायला गेलीस की हाती काही लागत नाही.

आता मनातलं सांगते. आपल्या गावात एकाच पेठेत समोरासमोर दोन दुकानं असतात आणि दोघंही उद्या तुझ्याकडेच येतील. कुठल्या जाहिरातीवर किती विक्री झाली, कुठल्या शहरातून मागणी आली, हे सगळं तुला दोघांचंही दिसेल. नवा क्लायंट मिळवायच्या नादात "हे बघा, समोरच्यांचं मी कसं वाढवलं" म्हणत स्क्रीनशॉट दाखवायचा नाही. नाव झाकलंस तरी पेठेतला माणूस आकड्यांवरून ओळखतो. आपल्या कामात ही विश्वासाचीच गोष्ट आहे गं, आणि बाईमाणसाने एकटीने धंदा उभा करताना ती विशेष जपावी लागते.

पैसे थकले तर? तरीही खातं अडवून धरायचं नाही. अर्धे पैसे आगाऊ घे, पुढचे महिन्याच्या पाच तारखेला माग, नाहीच मिळाले तर काम थांबव. आणि काम संपलं की तूच त्यांना लेखी कळव, "माझा ईमेल काढून टाका." सर्च कन्सोल आणि टॅग मॅनेजरचे अधिकार वेगळे असतात, तिथूनही काढायला सांग.

उद्या भेटायला जाशील तेव्हा लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेव आणि खातं त्यांनाच उघडू दे. अडलीस तर तिथूनच मला फोन कर, मी घरीच आहे.