लहान डाळगिरणीस सरकारी अनुदान
तूर कच्ची विकली म्हणजे डाळीचा नफा दुसऱ्याच्या पदरीं पडतो. लहान प्रक्रिया-उद्योगांस साहाय्य व्हावें म्हणून केंद्र सरकारनें २०२० सालीं सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना काढली. तींत खर्चाच्या शेंकडा ३५, परंतु कमाल १० लक्ष रुपये, अनुदान ठेविलें. निदान शेंकडा १० मालकानें घालावे व बाकी बँकेचें कर्ज, असा नियम केला. म्हणजे १० लक्षांच्या गिरणीस अनुदान साडेतीन लक्ष व पदरचे एक लक्ष.

मात्र हें अनुदान हातीं पडावयाचें नव्हे. तें बँकेंत निराळें राहावें व तीन वर्षें कर्ज थकलें नाहीं आणि गिरणी चालू राहिली, तरच कर्जांत वळतें व्हावें, अशी अट होती. यास्तव अशा साहाय्यावर विसंबून यंत्र घेण्यापूर्वीं वर्षभर पुरेल इतकी तूर व कायमचें गिऱ्हाईक यांची तजवीज शेतकरी बंधूंनीं अवश्य करावी.