लस घेऊन लगेच घरी पळू नका

‘डॉक्टर, पिल्लू जेमतेम दीड किलोचं आहे. इंजेक्शन अर्धंच द्या ना!’ शिह-त्झू, पॉमेरियन, पग, चिहुआहुआ किंवा यॉर्कशायर घेऊन येणारं दर तिसरं-चौथं कुटुंब हे म्हणतंच. म्हणण्यात मायाही असते आणि तर्कही. चाळीस किलोच्या ग्रेट डेनला एक मिली आणि तळहातावर मावणाऱ्या या जिवालाही एक मिली, हे पटत नाही. तरीही उत्तर ‘नाही’ असंच आहे.

तापाचं औषध वजनावर मोजून देतात, कारण ते रक्तात किती साठतं त्यावर त्याचा गुण ठरतो. लशीचं काम वेगळं. रोगप्रतिकारशक्तीला जंतूची ओळख पटेल एवढा ऐवज तिच्यात असावा लागतो, आणि तो ऐवज लहान-मोठ्या सगळ्या कुत्र्यांना सारखाच लागतो. अर्धी लस दिली तर संरक्षण अर्धं मिळेल असंही नाही. कदाचित काहीच मिळणार नाही. ज्या भीतीपोटी लस अर्धी करायची ती रिॲक्शनही त्यानं टळत नाही. जपानमधल्या संशोधकांनी लशीची ॲलर्जी आलेल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांतल्या अनेकांचं शरीर जंतूवर नव्हे, तर लस तयार करताना वापरलेल्या गाय-वासराच्या रक्तद्रवातल्या प्रथिनांवर चिडलेलं दिसलं. ॲलर्जी असेल तर असल्या प्रथिनांचा अंशही पुरतो.

पण लहान कुत्र्यांना त्रास जास्त होतो, ही तुमची शंका मात्र खरी आहे. अमेरिकेत २००२ आणि २००३ या दोन वर्षांत लस घेतलेल्या १२ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून २००५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लशीनंतर तीन दिवसांत काही ना काही त्रास झालेले कुत्रे निघाले दहा हजारांत साधारण ३८. म्हणजे प्रमाण कमीच. पण वजन जितकं कमी, तितका धोका जास्त, हे त्यात स्पष्ट दिसलं. आणि आपल्या कामाची गोष्ट अशी की एकाच भेटीत दिलेल्या प्रत्येक वाढीव लशीमागे दहा किलोपर्यंतच्या कुत्र्यांमध्ये धोका २७ टक्क्यांनी वाढत होता. बारा किलोंच्या वरच्यांमध्ये १२ टक्क्यांनी. माझा सल्ला याच आकड्यावर उभा आहे: मात्रा कमी करू नका, लशी वेगवेगळ्या दिवशी घ्या. ‘आलोच आहोत तर रेबीजचंही आजच उरकून टाका’ हा आग्रह लॅब्राडोरच्या बाबतीत एक वेळ चालेल. दोन किलोच्या पिल्लासाठी दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी खेप करा. रिक्षाचे पैसे जातील, जाऊ द्या.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. कोवळ्या पिल्लांपेक्षा एक ते तीन वर्षांच्या तरुण कुत्र्यांना रिॲक्शन जास्त आल्या. ॲलर्जी व्हायला शरीराची त्या पदार्थाशी आधी गाठ पडलेली असावी लागते. म्हणून ‘पहिल्या वेळी तर काहीच झालं नाही’ या भरवशावर दुसऱ्या, तिसऱ्या किंवा वर्षभरानंतरच्या बूस्टरच्या दिवशी गाफील राहू नका.

आता लशीच्या दिवसाबद्दल. वेळ सकाळची घ्या. रात्री दवाखान्याचं शटर खाली येता येता लस टोचून घेतली आणि अकरा वाजता तोंड सुजलं, तर डॉक्टर शोधत फिरायची वेळ येते. जुलाब, ताप, खोकला असेल तर लस पुढे ढकला. त्याच दिवशी ग्रूमिंग नको, गावचा प्रवास नको. निघण्यापूर्वी दोनेक तास आधी थोडं खाऊ घाला आणि मोबाइलवर पिल्लाच्या चेहऱ्याचा समोरून एक फोटो काढून ठेवा. पगच्या सुरकुत्यांमध्ये सूज सहज लपते आणि घरातल्या चार माणसांची चार मतं होतात. फोटो शेजारी धरला की वाद मिटतो.

लस टोचल्यावर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, दवाखान्यातच किंवा बाहेर गाडीत बसा. सगळ्यात गंभीर प्रकार, ज्याला आम्ही ॲनाफायलॅक्सिस म्हणतो, तो बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांत ते तासाभरात उद्भवतो, आणि त्यावरचं औषध, म्हणजे ॲड्रिनलीन, तुमच्या घरच्या कपाटात नसतं. इथे एक गैरसमज जीवघेणा ठरतो. रिॲक्शन म्हणजे तोंड सुजणार, अशी लोकांची पक्की समजूत असते. पण कुत्र्याच्या शरीरात या झटक्याचा पहिला मार यकृतावर आणि आतड्यांवर बसतो. चेहरा अगदी नेहमीसारखा असतो आणि पिल्लू अचानक ओकू लागतं, पातळ किंवा रक्ताची शी करतं, पाय टाकतं, पडून राहतं. अशा वेळी ओठ वर उचलून हिरड्या पाहा. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटानं दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. हिरड्या फिक्या, पांढुरक्या दिसल्या तर गुगल उघडू नका, गाडी काढा. वाटेत दवाखान्यात फोन करा म्हणजे तिथे तयारी राहील. पिल्लाला आडवं ठेवा, मान सरळ ठेवा, तोंडात पाणी-दूध काहीही घालू नका.

तोंड सुजणं हा प्रकार त्यामानाने जास्त दिसतो आणि कमी भयंकर असतो. डोळ्यांच्या कडा, ओठ, नाकाडाचा भाग फुगतो, कानाच्या पाळ्या जाड आणि गरम लागतात, अंगावर गांधी उठतात, पिल्लू तोंड सतरंजीवर घासत सुटतं. पॉमेरियनच्या दाट केसांत गांधी दिसत नाहीत, पण जागोजागी केसांचे झुबके उभे राहिलेले दिसतात. पोट आणि जांघेतली उघडी कातडी पाहा, तिथे खरं काय ते कळतं. हे बहुतेक काही तासांत होतं आणि इंजेक्शनानं उतरतं. तरी डॉक्टरांना दाखवायचंच, कारण सूज कुठे थांबेल ते घरी बसून सांगता येत नाही. पग आणि फ्रेंच बुलडॉगचा श्वास मुळातच अरुंद वाटेनं चालतो. त्यांच्या बाबतीत तर ‘थोडा वेळ बघू’ नकोच. आणि एकच उलटी गाडी लागल्यानंही होऊ शकते, मान्य; पण दोन उलट्या आणि पिल्लू मलूल, म्हणजे परत दवाखाना.

घरच्या औषधांबद्दल थोडं कडक बोलतो. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांतलं काहीही आपल्या हातानं द्यायचं नाही. आयबुप्रोफेनच्या एका गोळीनं दोन किलोच्या पिल्लाच्या पोटात अल्सर आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. सर्दीच्या गोळ्यांत ॲलर्जीच्या औषधाबरोबर नाक मोकळं करणारं दुसरं औषध मिसळलेलं असतं. ते कुत्र्याच्या हृदयाला झेपत नाही. काही बिनसाखरेच्या सिरपमध्ये झायलिटॉल असतं, ते तर कुत्र्यांना सरळ विष. केमिस्ट तुमच्या कितीही ओळखीचा असला तरी तो माणसांचा केमिस्ट आहे.

बहुसंख्य पिल्लांना मात्र यातलं काहीच होत नाही. दिवसभर झोप, थोडी कणकण, टोचल्या जागी हात लावला की कुईं, जेवणाचा कंटाळा, आणि एक-दोन दिवसांत स्वारी पुन्हा चप्पल पळवायला तयार. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे माणसाच्या हिशेबानं ‘अंग तापलंय’ म्हणून घाबरू नका. १०३ च्या वर गेलं किंवा मरगळ दोन दिवसांपलीकडे टिकली तर कळवा. खोकल्याची, नाकात थेंब टाकायची लस घेतली असेल तर काही दिवस शिंका येतात. टोचल्या जागी वाटाण्याएवढी गाठ आली तर चोळू नका. ती दोन-तीन आठवड्यांत जिरते. वाढत गेली, गरम लागली किंवा पाझरू लागली तर दाखवा.

या साध्या मरगळीत लहान जातीच्या पिल्लांचा एक वेगळाच धोका दडलेला असतो, आणि तो लशीच्या नावावर खपतो. तीन महिन्यांच्या आतल्या चिहुआहुआ किंवा यॉर्कशायरच्या यकृतात साखरेचा साठा फारच थोडा असतो. लशीमुळे कंटाळून त्यानं दोन वेळचं खाणं टाळलं की रक्तातली साखर घसरते. मग पिल्लू थरथरतं, झोकांड्या खातं, डोळे कुठेतरी भलतीकडेच लावतं, क्वचित झटकेही येतात. लोक म्हणतात, लस बाधली. खरं तर ते उपाशी असतं. बोटाला मध किंवा ग्लुकोजची दाट पेस्ट लावून हिरड्यांवर चोळा. बेशुद्ध असेल तर ओतायचं मात्र नाही. तरतरी आली तरी डॉक्टरांकडे न्याच. हे टाळायचा उपाय सोपा आहे: लशीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दर तीन-चार तासांनी, हवं तर भरवून, थोडं थोडं खाऊ घाला.

एकदा रिॲक्शन आली की पुढच्या लशी बंद, असा निर्णय घरच्या घरी घेऊ नका. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण लशीच्या आड येतं म्हणून पिल्लाला दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत लस द्यावी लागते. मधेच सोडलं तर पार्व्होला दार उघडं राहतं, आणि पार्व्होच्या जुलाबांत इवलंसं पिल्लू एका रात्रीत सुकून जातं. साधी सूज आली होती त्यांना पुढच्या वेळी आम्ही आधी ॲलर्जीचं इंजेक्शन देतो, एका वेळी एकच लस टोचतो, कधी कंपनी बदलतो आणि जास्त वेळ बसवून ठेवतो. झटका गंभीर होता, तर डिस्टेंपर आणि पार्व्होचं संरक्षण रक्त तपासून मोजता येतं. ते पुरेसं निघालं तर ती लस टाळता येते. लेप्टोच्या, म्हणजे उंदरांमुळे आणि साचलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या, लशीचा विचार तुमचं राहणं पाहून करावा लागतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, हे विसरून चालत नाही. पार्किंगमध्ये उंदीर आणि पावसाळ्यात डबकी असतील तर दहाव्या मजल्यावरचा शिह-त्झूही सुरक्षित नाही. रेबीजमध्ये मात्र माझ्याकडून सवलत मिळणार नाही. आपल्या देशात ती लस तीन महिन्यांनंतर द्यायची म्हणजे द्यायचीच, गरज पडली तर सलाइनची सुई आधी लावून ठेवून.

ब्रीडरनं किंवा दुकानदारानं ‘मीच टोचून देतो, दवाखान्याचे पैसे वाचवा’ म्हटलं तर हात जोडा. बाटली फ्रीजमध्ये होती की डिकीत, हे तुम्हाला कळत नाही. आणि पिल्लू कोसळलं तर त्याच्या हातात ॲड्रिनलीन नसतं. दवाखान्यातून निघताना बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या, लस कुठे टोचली तेही लिहून घ्या. त्रास झाला तर किती वेळानं झाला, काय दिसलं, काय औषध दिलं, हे त्याच पानावर ठळक अक्षरांत लिहायला लावा. गाव बदललं, डॉक्टर बदलला, तरी कार्ड तुमच्याबरोबर असतं.

शेवटी एक उशिरा येणारी तक्रार. पूडल, यॉर्कशायर, माल्टीज अशा जातींत रेबीजच्या लशीनंतर काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी, त्याच जागी रुपयाएवढं टक्कल पडतं आणि कातडी काळपट, चकचकीत होते. तोवर लशीची आठवणही राहिलेली नसते, म्हणून गजकर्ण समजून महिनोन्‌महिने मलम चोळलं जातं. मलम विकत घेण्याआधी कार्ड काढून रेबीजची लस कोणत्या पायावर दिली होती ते पाहा, आणि त्या डागाचा फोटो तारखेसह डॉक्टरांना पाठवा.